मुलांची सर्दी: घरी काय करायचं, काय टाळायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

पाच वर्षांखालच्या धडधाकट मुलाला वर्षातून 6 ते 8 वेळा सर्दी होते. पाळणाघरात किंवा बालवाडीत नुकतंच जाऊ लागलेल्या मुलाला त्याहूनही जास्त. एक सर्दी ओसरते न ओसरते तोच दुसरी सुरू होते आणि आईवडिलांना वाटायला लागतं, आपल्या मुलाची प्रतिकारशक्तीच कमी आहे. बहुतेक वेळा तसं काही नसतं. सर्दी करणारे विषाणू 200 हून अधिक आहेत आणि लहान शरीराची त्यांच्याशी एकेक करून ओळख होत असते. मुलाचं वजन नीट वाढत असेल, दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत ते हसत-खेळत, खात-पीत असेल, तर वारंवार नाक वाहतं म्हणून धास्तावून जायचं कारण नाही.

या विषाणूंना मारणारं औषध नाही. घरच्या उपायांनीही ते मरत नाहीत. सर्दी बरी करतं ते मुलाचं शरीरच. त्याचं हे काम चालू असताना मुलाला मोकळा श्वास घेता यावा, दूध-पाणी पोटात जावं आणि झोप मिळावी, ही तीन कामं मात्र घरच्यांची. कुणी कुठलाही उपाय सुचवला की तो या तिन्हींपैकी कशाला उपयोगी पडतो, एवढंच आधी बघावं. कशालाच पडत नसेल तर तो सोडून द्यावा, मग तो कितीही जुना असो.

सर्दीची चाल ओळखा

विषाणू शरीरात शिरल्यावर 1 ते 3 दिवसांत घसा खवखवायला लागतो, शिंका येतात, नाकातून पाणी गळतं. मूल किरकिरं होतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात त्रासाचा. थोडा ताप येतो तोही याच दिवसांत. मग शेंबूड घट्ट होतो, पिवळा किंवा हिरवट दिसतो. इथे अनेक पालक घाबरतात आणि अँटिबायोटिक मागतात. रंग बदलला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला असं नाही. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे हा रंग येतो आणि साध्या सर्दीत तो येतोच. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही.

7 ते 10 दिवसांत बहुतेक त्रास कमी होतो. खोकला मात्र 2-3 आठवडे रेंगाळू शकतो. पहिली शिंक आली त्या दिवसाची तारीख कुठेतरी टिपून ठेवा. घरातलं मूल आजारी असलं की दिवसांचा हिशोब राहत नाही आणि डॉक्टर पहिला प्रश्न नेमका तोच विचारतात.

आधी वय, मग उपाय

बाळ 3 महिन्यांच्या आतलं असेल तर घरगुती उपायांची यादी इथेच संपते. दूध पाजत राहणं, सलाइनच्या थेंबांनी नाक मोकळं करणं आणि डॉक्टरांना दाखवणं, एवढंच. 6 महिन्यांपर्यंत आईचं दूध किंवा पावडरचं दूध याखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. 1 वर्षापर्यंत मध नाही. 2 वर्षांपर्यंत कापूर किंवा मेंथॉल असलेलं कुठलंही मलम नाही. 4 वर्षांखाली सर्दी-खोकल्याची तयार सिरपं नकोत, आणि पुढेही 6 वर्षांपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत. या औषधांचा लहान मुलांना फायदा होतो असं दिसलेलं नाही. उलट गुंगी येणं, हृदयाचे ठोके वाढणं असे त्रास होऊ शकतात.

नाक मोकळं करणं: सगळ्यात उपयोगी काम

काही महिन्यांचं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढताना त्याला धाप लागते, ते दोन घोट घेऊन सोडून देतं, रडतं, पुन्हा भुकेलं होतं, झोपत नाही. आईला वाटतं भूकच मेली. नाक साफ केलं की तेच बाळ पोटभर पितं. म्हणूनच माझ्या मते सर्दीतला सर्वोत्तम घरगुती उपाय कुठल्याही काढ्यात नाही, मिठाच्या पाण्यात आहे.

औषधाच्या दुकानात सलाइनचे थेंब मिळतात, साध्या मीठपाण्याचे. निर्जंतुक असल्यामुळे लहान बाळासाठी तेच घ्यावेत. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन ही नावं नाहीत ना, हे वाचून घ्या. ते नाक आकसवणारे औषधी थेंब आहेत. ते चार-पाच दिवस लागोपाठ वापरले तर बंद केल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि लहान मुलांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय द्यायचे नसतात.

मोठ्या मुलासाठी घरी करायचं असेल तर पाणी आधी खळखळून उकळा आणि कोमट होऊ द्या. मग त्यातलं 240 मिली मोजून घ्या आणि त्यात साधारण 2 ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे 5 मिलीच्या चमच्यानं सपाट अर्ध्या चमच्याहून थोडं कमी. मीठ अंदाजानं टाकू नका. जास्त झालं तर नाक झोंबतं आणि मूल पुन्हा थेंब घालू देत नाही. पाणी न उकळता वापरायचं नाही. पिण्याच्या पाण्यात चुकून असलेले काही सूक्ष्मजीव पोटात गेले तर चालतात, पण नाकावाटे गेले तर घातक ठरू शकतात. हे पाणी झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. घालताना ते अंगाच्या उष्णतेला आणून घ्या, थंडगार घालू नका.

बाळाला मांडीवर उताणं घ्या, डोकं किंचित मागे. एकेका नाकपुडीत 2-3 थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. हा मिनिटच महत्त्वाचा आहे, कारण सुकलेला शेंबूड तेवढ्या वेळात भिजतो. मग रबरी फुगा वापरणार असाल तर तो आधी दाबून हवा काढा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी लावा आणि हळूच सोडा. आत खोल खुपसू नका. दुसऱ्या नाकपुडीचं झालं की फुगा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. दिवसातून 3-4 वेळांपेक्षा जास्त ओढलं तर आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी बंद होतं. नुसते थेंब मात्र याहून जास्त वेळा घातले तरी चालतात. वेळ निवडायची ती दूध पाजण्याआधी 10-15 मिनिटांची आणि झोपवण्याआधीची. पोट भरल्यावर हा खटाटोप केला तर उलटी ठरलेली.

साधारण 2-3 वर्षांचं मूल नाक शिंकरायला शिकू शकतं. तोंड मिटून नाकाने कागदाचा कपटा उडवायचा खेळ खेळा, लवकर जमतं. एक नाकपुडी बंद करून दुसरी हलकेच शिंकरायची. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर शेंबूड कानाकडे ढकलला जातो. लहान मुलांची घसा आणि कान यांना जोडणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर त्यांचे कान ठणकतात ते याच वाटेनं. पुसून पुसून नाकाखालची कातडी सोलवटली असेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. मऊ ओल्या कापडाने टिपा, घासू नका.

पोटात काय जावं

अंगावर पिणाऱ्या बाळाला अंगावरच पाजत राहा. आईलाही सर्दी झाली असेल तर पाजणं थांबवू नये. तिच्या दुधातून बाळाला त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळतात. पाजण्याआधी हात धुवावेत आणि तोंडावर मास्क लावावा. एका वेळी कमी पीत असेल तर थोडं थोडं, अधिक वेळा.

मोठ्या मुलाला कोमट पाणी, सूप, पातळ खिमट, जे तो घेईल ते द्या. कोमट पेयांनी कफ पातळ व्हायला मदत होते आणि घशाला बरं वाटतं. दोन-तीन दिवस जेवण कमी झालं तर आग्रह धरू नका, पातळ पदार्थांवर मात्र लक्ष ठेवा. दुधाने कफ वाढतो ही समजूत बरीच पसरलेली आहे. दूध तोंडात दाटसर लागतं, पण त्याने कफ जास्त तयार होत नाही. दुसरं काही न खाणाऱ्या मुलाचं दूध बंद करून आपण त्याचं पोट उपाशी ठेवतो.

खोकल्यासाठी मध, पण 1 वर्षानंतरच

घरगुती उपायांपैकी ज्याला अभ्यासांचा चांगला आधार आहे असा उपाय म्हणजे मध. झोपण्यापूर्वी दिलेल्या मधाने रात्रीचा खोकला कमी होतो आणि मूल व आईवडील दोघांनाही झोप मिळते, हे वेगवेगळ्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे. 1 ते 5 वर्षांच्या मुलाला अर्धा छोटा चमचा, म्हणजे 2.5 मिली, पुरतो. 6 ते 11 वर्षांच्या मुलाला 5 मिली. नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यात घालून द्या. नंतर दात घासून घ्या.

1 वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही लावू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढू शकतात आणि त्यातून निघणाऱ्या विषाने स्नायू लुळे पडतात. घरी मध गरम केला किंवा उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे 'शिजवून दिला तर चालतो' हे खरं नाही. औषध चाटवताना मधात मिसळून देणं हाही त्यातलाच प्रकार.

गुळण्या करता येणाऱ्या मुलाला, साधारण 6 वर्षांपुढच्या, कोमट पाण्याच्या पेलाभर अर्धा छोटा चमचा मीठ घालून गुळण्या करू द्या. घशाची खवखव तात्पुरती शमते.

हळद, आलं, तुळस आणि काढे

आल्याचा छोटा तुकडा किंवा तुळशीची चार पानं घातलेलं कोमट पाणी, चिमूटभर हळद घातलेलं दूध, यांनी घसा शेकतो, मुलाला बरं वाटतं आणि चार घोट जास्त पोटात जातात. एवढा फायदा खरा आहे आणि तो पुरेसा आहे. त्यांनी सर्दी लवकर जाते याला मात्र ठोस पुरावा नाही. वर्षापुढच्या मुलाला फिकट, चव येईल इतपतच द्या. मिरी, दालचिनी, सुंठ घालून आटवलेला तिखटजाळ काढा लहान मुलाच्या पोटाला सोसत नाही. जळजळ होते, उलटी होते आणि मग मूल साधं पाणीही नको म्हणतं. ज्येष्ठमध रोज, भरपूर प्रमाणात देऊ नये. त्याच्या अतिरेकाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं.

वाफ: भांड्यातली नको, खोलीतली चालेल

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन मुलाला बसवणं हा प्रकार मी पूर्णपणे बंद करायला सांगेन. मूल हलतं, पातेलं कलंडतं आणि मांड्या, पोट, जांघ भाजते. भाजलेल्या मुलांच्या विभागात वाफारा घेताना भाजलेली मुलं येतात. आणि एवढा धोका पत्करून मिळणारा फायदाही नक्की नाही. त्याऐवजी न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर किंवा नळ सोडा, खोली दमट झाली की मुलाला कडेवर घेऊन 10-15 मिनिटं आतच, पाण्यापासून लांब, दाराच्या बाजूला बसा. गरम पाण्याच्या जवळ मूल जायला नको आणि त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. खोलीतली हवा फार कोरडी असेल तर थंड वाफेचा ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. पण त्यातलं पाणी रोज बदलून टाकी धुवावी लागते. नाही धुतली तर तोच बुरशी उडवतो.

ताप असेल तर

हात लावून अंदाज करू नका, थर्मामीटर वापरा. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, याला ताप म्हणायचं. मूल खेळत असेल तर औषधाची घाई नको. अंग दुखत असेल, झोप येत नसेल, तर पॅरासिटामॉल द्या. डोस वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, 24 तासांत 4 पेक्षा जास्त नाही. थेंब आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, म्हणून बाटली बदलली की मिलीचा हिशोब पुन्हा करा. 3 महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना कधीही नाही. विषाणूजन्य आजारात त्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. एकावर एक कपडे आणि पांघरुणं घालून घाम काढायचा प्रयत्न करू नका. त्याने ताप चढतो.

रात्र

रात्री नाक जास्त चोंदतं, खोकला वाढतो. मोठ्या मुलाला एक जास्तीची उशी दिली की घशात उतरणारा शेंबूड कमी त्रास देतो. 1 वर्षाखालच्या बाळाला मात्र उशी नाही, गादीखाली गुंडाळी नाही, झोपाळ्यात तिरपं झोपवणं नाही. ते सपाट गादीवर, पाठीवरच झोपलं पाहिजे, नाहीतर गुदमरण्याचा धोका असतो. बाळ रात्री सारखं उठत असेल तर झोपेआधी थेंब, मग दूध, असा क्रम ठेवा. एका रात्रीसाठी दोघा मोठ्यांनी वाटून जागावं. दमलेल्या माणसाकडून डोस चुकतो.

नैसर्गिक असूनही घातक

नाकात मोहरीचं, नारळाचं किंवा कुठलंही तेल, तूप सोडू नका. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथे तेलाचा न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या औषधांनी बरा होत नाही. कापूर थोडासाही पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. तो मुलाच्या हाताला लागेल अशा जागी, उशीखाली किंवा पुरचुंडीत गळ्याशी बांधून ठेवू नये. निलगिरीचं तेल तोंडावाटे अगदी थोडं गेलं तरी विषारी ठरतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छातीला शेकली जाते, तिथे मोठ्याच्या हाताला कोमट लागणारी गोष्ट बाळाची कातडी भाजते. धुरी देणं म्हणजे आधीच सुजलेल्या श्वासनलिकेत धूर कोंबणं. ब्रँडीचा घोट, तो चमचाभर असला तरी, मुलासाठी मद्यच. लसणाची पाकळी नाकपुडीत घातली की नाक वाहतं ते आग झाल्यामुळे, सर्दी निघाल्यामुळे नाही.

कधी थांबायचं आणि डॉक्टरांकडे निघायचं

मुलाचा अंगरखा वर करून छाती उघडी करा आणि शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण 1 मिनिट श्वास मोजा. पोट वर-खाली झालं की एक. 2 महिन्यांच्या आतल्या बाळात 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांच्या बाळात 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त, हा आकडा आला तर श्वास जोरात चालला आहे. हे मोजणं प्रत्येक घरात यायला हवं, थर्मामीटरपेक्षाही जास्त गरजेचं.

यांपैकी एकही दिसलं तर लगेच निघा:

- श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फेंदारतात, कण्हल्यासारखा आवाज येतो
- ओठ, जीभ निळसर दिसतात
- 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आहे
- मूल पेंगुळलेलं आहे, उठवूनही नीट जागं होत नाही, किंवा झटका आला
- बाळ दूध ओढतच नाही, सगळं उलटून टाकतं, 8 तास लंगोट कोरडं आहे

त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचं ते असं: ताप 3 दिवसांवर गेला, किंवा उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला, कान दुखतो, 10 दिवस झाले तरी नाकात फरक नाही, खोकल्याची उबळ येऊन शेवटी हुप्प असा आवाज येतो किंवा उलटी होते, म्हणजे डांग्या खोकल्याची शंका. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा, स्पंजाचा तुकडा असं काहीतरी अडकलेलं असू शकतं. ते घरी चिमट्याने काढायला जाऊ नका. ताप नाही, पण आठवडे उलटले तरी नाक पाण्यासारखं गळतं, डोळे-नाक खाजतात, तर ती ॲलर्जी असू शकते.

अशक्त, मुदतीआधी जन्मलेल्या, हृदयाचा आजार किंवा दमा असलेल्या मुलांच्या बाबतीत वाट पाहायची नाही.

सर्दी कमी वेळा व्हावी म्हणून

सर्दी होते ती विषाणू नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचल्यामुळे. थंड पाण्याने, गार वाऱ्याने विषाणू जन्माला येत नाही. एक खरं: सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, फुप्फुसांपेक्षा नाकाच्या थोड्या थंड आतल्या भागात जास्त चांगला वाढतो, आणि गारठ्यात माणसं खिडक्या लावून एका खोलीत जास्त वेळ बसतात. त्यामुळे स्वेटर घालावा, पण खिडकीही उघडावी.

सगळ्यात परिणामकारक सवय म्हणजे हात धुणं. घरी आल्यावर, नाक पुसल्यावर आणि खाण्याआधी, साबणाने 20 सेकंद. मुलांचे हात सतत नाका-डोळ्यांकडे जातात आणि हातांवर, खेळण्यांवर हे विषाणू काही तास टिकतात. घरातल्या मोठ्यांना सर्दी असेल तर बाळाचे पापे घेणं तेवढे दिवस बंद. खोकताना तळहात नको, कोपर पुढे. तोंडात घालायची खेळणी सर्दीच्या दिवसांत रोज धुवा. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर गच्चीत ओढूनही कपड्यांवरून धूर आत येतो. मुलाच्या खोकल्याचं, कानाच्या दुखण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

झोप पुरेशी द्या: 1-2 वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून 11 ते 14 तास, 3-5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13. पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध. क जीवनसत्त्व रोज गोळीतून घेतल्याने मुलांची सर्दी सुमारे 14 टक्के आखूड झाल्याचं आढळलं आहे, म्हणजे आठवड्यात जेमतेम एक दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या चालू करून मात्र काही हाती लागत नाही. त्यापेक्षा रोजच्या खाण्यात फळं-भाज्या ठेवणं सोपं. सर्दीची लस नाही, पण फ्लूची आहे, आणि 6 महिन्यांपुढच्या मुलाला ती दरवर्षी देता येते. डांग्या खोकला आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) यांच्या लशींची तारीख चुकली असेल तर तीही याच भेटीत विचारून घ्या.

सर्दीचे पहिले 2-3 दिवस मूल सर्वांत जास्त विषाणू पसरवतं, तेवढे दिवस त्याला घरी ठेवा. औषधाशिवाय ताप न येता 24 तास गेले, मूल खातं-खेळतं झालं, की नाक थोडं वाहत असलं तरी शाळेत पाठवायला हरकत नाही. दप्तरात कापडी रुमालाऐवजी कागदी टिश्यू द्या, आणि वापरलेला लगेच कचऱ्यात टाकून हात धुवायचे, हे त्याच्याकडून घरीच दोन-तीनदा करवून घ्या.